गुऱ्हाळासारखे घर



दिवसभर रानात राबून तुम्ही संध्याकाळी इथे जमता आणि पुस्तक हातात धरता. हे सोपे काम नाही. म्हणून आज आम्ही आडवळणाने बोलणार नाही. आज आपण घराविषयी बोलू.

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही कामांत माणूस खर्चात बुडतो. पण लग्नाचा मांडव उतरला, की तो खर्च थांबतो. घराचे तसे नाही. वास्तुशांत झाली तरी घराचा खर्च चालूच राहतो. दर महिन्याला विजेचे बिल येते. गॅसची टाकी संपते. उन्हाळ्यात पंखा रात्रभर फिरतो. घर चुकीचे बांधले, तर हा खर्च नातवापर्यंत पाठ सोडत नाही.

आता एक नवा शब्द ऐका. 'शून्य ऊर्जा घर' असा तो शब्द आहे. शब्द मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. वर्षभरात घराला जेवढी वीज आणि जेवढे इंधन लागते, तेवढे त्या घरानेच तयार करायचे. वर्षाच्या शेवटी हिशेब केला, तर बाहेरून घेतलेले आणि बाहेर दिलेले सारखेच भरले पाहिजे. बाकी शून्य.

कुणी म्हणेल, "हे काय नवीनच काढलं तुम्ही? असं कुठं असतंय व्हय?"

असते. आपल्या कोल्हापुरात त्याचा नमुना जुना आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू होते ते आठवा. ऊस चरकात जातो. रस काहिलीत पडतो. रस उकळायला मोठा जाळ लागतो. तो जाळ कशाचा? त्याच उसाच्या चिपाडांचा. चिपाड अंगणात वाळवायचे आणि चुलवाणात घालायचे. आता चरकाला मोटार लागते, हे खरे. पण उकळण्याचा मोठा जाळ उसाचाच असतो. रस उसाचा आणि जळणही उसाचेच. गुळव्या काही डोंगरातून लाकूड आणत नाही.

घरही असे चालवता येईल का? पुष्कळ अंशी येईल. त्यातली सोपी गोष्ट कोणती आणि अवघड कोणती, ते आज पाहू.

आधी आपली वीज कुठून येते ते पाहू. बटण दाबले की दिवा लागतो. पण ती वीज कुठेतरी तयार झालेली असते. काही वीज कोयनेच्या पाण्यावर होते. आपल्या राधानगरीच्या धरणावरही थोडी होते. पण पुष्कळशी वीज कोळसा जाळून होते. चंद्रपूरकडे कोळसा जाळतात आणि तारेतून वीज इकडे येते. कोळसा एकदा जळाला की संपला. धूर मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाऊसकाळ बिघडत चालला आहे, हे तुम्ही रानात पाहताच. जगभर जळणाऱ्या कोळशाचा आणि तेलाचा त्यात मोठा वाटा आहे.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. १९५१ साली देशातल्या १०० माणसांपैकी सुमारे १७ माणसे शहरात राहत होती. २०११ च्या शिरगणतीत ती ३१ झाली. महाराष्ट्रात तर १०० मधली ४५ माणसे शहरात होती. एकट्या कोल्हापूर शहराची वस्ती तेव्हा साडेपाच लाखांच्या जवळ होती. शहर तेवढ्यावर थांबले नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव या गावांकडे जाऊन पाहा. काल जिथे ऊस होता, तिथे आज प्लॉट पडले आहेत. २०१७ साली सरकारने शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी एक विकास प्राधिकरण नेमले. म्हणजे ही गावे शहराला टेकली, हे सरकारनेही मानले.

यातून एक गोष्ट निघते. आपल्या देशात अजून कितीतरी घरे बांधायची आहेत. तुमच्यापैकीही कुणाच्या मुलाचे घर बांधायचे असेल. जे घर बांधून झाले, ते बदलणे अवघड असते. जे बांधायचे आहे, ते हवे तसे बांधता येते. म्हणून आमचे सगळे बोलणे आज त्या बांधायच्या घराविषयी आहे.

गेल्या वैशाखात आम्ही शहराजवळच्या एका गावात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. एका कुटुंबाचे जुने कौलारू घर होते. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाड. शेजारीच थोरल्या मुलाने नवे घर बांधले होते. वर स्लॅब, पश्चिमेला रस्ता, म्हणून रस्त्याकडे मोठ्या काचा. बाहेरून घर फार देखणे. पतसंस्थेचे कर्ज काढले होते. हप्ता उसाच्या बिलातून जायचा.

दुपारी तीन वाजता आम्ही त्या नव्या घरात बसलो. डोक्यावर पंखा होता, पण वारा गरम येत होता. म्हातारे आबा कुठे दिसेनात. ते जुन्या सोप्यात घोंगडे टाकून निवांत पडले होते. म्हणाले, "पोरानं घर बांधलंय झ्याक. पर झोपायला मी हितंच येतो."

मुलगा ओशाळला. म्हणाला, "काय सांगू साहेब? रात्री बारा वाजले तरी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आता एसी घ्यायचा म्हणतोय. पण बिल कोण भरणार?"

मंडळी, असे का झाले? एकाच आवारात दोन घरे. एकच सूर्य आणि एकच वारा. मग एक घर थंड आणि एक तापलेले का?

कारण साधे आहे. जाड मातीच्या भिंतीला तापायला वेळ लागतो. बाहेरची ऊब आत पोहोचायला आठ-दहा तास जातात. तोवर रात्र होते आणि बाहेर गार पडते. वर कौले असतात. कौलांच्या फटींतून गरम वारा निघून जातो. कौलाखाली फळ्यांचा माळा असतो, तो मधल्या मध्ये ऊन अडवतो. पुढचा सोपा भिंतीवर सावली धरतो.

स्लॅबचे तसे नाही. तो चार-पाच इंच जाड असतो. दिवसभर उन्हात तो तव्यासारखा तापतो. संध्याकाळी तीच ऊब खाली सोडू लागतो. खाली आपण झोपलेले. पश्चिमेच्या काचेतून दुपारचे तिरपे ऊन थेट आत येते, ते वेगळेच.

आपल्या कोल्हापुरात मे महिन्याचा पहिला आठवडा संपतो, त्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन कोण खाते? छप्पर. त्याच्या खालोखाल पश्चिमेची भिंत. ही दोन ठिकाणे सांभाळली, की निम्मे काम झाले.

आम्ही तिथे हे सगळे सांगत होतो. तेवढ्यात घरातल्या आक्का पदराला हात पुशीत बाहेर आल्या. म्हणाल्या, "त्यो सोपा तुमाला ग्वाड वाटतोय. पर माजघरातला अंधार आनि सैपाकघरातला धूर कुणी खाल्ला? आमीच की! मला न्हाई जायाचं त्या घरात परत."

आम्ही गप्प झालो. आक्कांचे म्हणणे खरे होते. जुने ते सगळे सोने, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. जुन्या घरात हवा होती, ती पुरुषांच्या सोप्यात. बाईच्या वाट्याला अंधार आणि धूर. चुलीच्या धुराने डोळे जातात, छाती भरते. ज्या घरात बाईचा जीव गुदमरतो, ते घर कितीही थंड असले तरी चांगले घर नव्हे.

जुन्या घराला दुसराही एक धोका आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोल्हापूरही हादरले. जुन्या माणसांना ती पहाट आठवत असेल. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला लातूरकडे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. तिथल्या भिंती जाड होत्या, पण मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. वर मातीचे जड धाबे होते. भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. जमीन हलली आणि भिंती फुटून माणसांवर पडल्या.

तिसरा धोका आपल्या पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांवर गेले, की धोक्याची पातळी झाली. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका, सगळीकडे पाणीच पाणी. पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत विरघळते आणि बसते.

मग करायचे काय? आबांचा गारवा हवा. आक्कांचा उजेड हवा. भूकंपात आणि पुरात टिकणारी भिंत हवी. हे तिन्ही एका घरात बसते. फक्त विचार आधी करावा लागतो.

त्या घरच्या धाकट्या मुलाचे घर अजून बांधायचे होते. जागेवर फक्कीच्या रेघा मारून झाल्या होत्या. गवंडी दुसऱ्या दिवशी पाया खणणार होता. थोरल्याच्या घराची हुबेहूब नक्कल करायची, असे ठरले होते. धाकटा आम्हाला म्हणाला, "आता काय बदलायचं ते लवकर सांगा."

आम्ही त्याला जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, घराचे तोंड. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येऊ द्या. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो, तेव्हा ऊन आत येते. उन्हाळ्यात तो वर असतो, तेव्हा छज्जा त्याला अडवतो. पश्चिमेला जिना, कोठी किंवा न्हाणी ठेवा. तिकडे शेवगा नाहीतर कडुलिंब लावा. आपल्याकडे पावसाळी आणि उन्हाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिम पुरती बंद करू नका. लहान खिडकी ठेवा, पण तिच्यावर सावली हवी.

दुसरी गोष्ट, वारा. एका खिडकीने वारा येत नाही. वाऱ्याला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. खिडक्या समोरासमोर ठेवा. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळ झरोके ठेवा. स्वयंपाकघराला दोन बाजूंनी उजेड हवा आणि धूर जायला वरून वाट हवी. नकाशा काढताना घरातल्या बाईला विचारा. ओटा कुठे आणि खिडकी कुठे, हे तिच्याइतके कुणाला कळणार?

तिसरी गोष्ट, भिंत. आपल्या भागात जे चांगले मिळते ते वापरा. आजरा, चंदगड, शाहूवाडीकडे जांभा मिळतो. इतर ठिकाणी काळा दगड आणि वीट आहे. जुन्या घराची तुळई, वासे, कौले फेकून देऊ नका. सिमेंट आणि वीट भट्टीतून येतात. त्या भट्टीतही जळण जळालेलेच असते. जुना माल वापरला, की तेवढे जळण वाचले आणि तुमचे पैसेही वाचले. पूर येतो तिथे जोते उंच घ्या आणि खालच्या भागात कच्ची माती वापरू नका.

भिंत कशाचीही असो, तिला कमरपट्टा घाला. दारे-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून फिरणारा सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा. तो मध्ये कुठे तुटू देऊ नका. भूकंपात तोच भिंतींना एकत्र धरतो. त्यात हात आखडू नका.

चौथी गोष्ट, छप्पर. कौले घालता आली तर उत्तम. स्लॅबच हवा असेल, तर त्याला उघडे सोडू नका. वर पांढरा चुना फासा, किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. आपण उन्हात पांढरे मुंडासे बांधतो, तसेच हे. ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे, त्यांनीही हे करावे.

एवढे झाले, की मग विजेकडे वळायचे. पुष्कळ लोक उलटे करतात. आधी तापणारे घर बांधतात, मग एसी आणतात, मग एसीसाठी छपरावर पाट्या बसवतात. गळक्या घागरीत पाणी भरण्यातला हा प्रकार. आधी भोक बुजवा, मग पाणी भरा.

आता पाटी-पेन्सिल घ्या. थोडा हिशेब करू.

१,००० वॅटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट वीज लागते. समजा, एका घरात ७५ वॅटचे तीन पंखे रोज दहा तास चालतात. झाले सव्वादोन युनिट. पाणी तापवायचा गिझर २,००० वॅटचा, तो एक तास चालतो. झाले दोन युनिट. फ्रिजला साधारण एक युनिट. टीव्हीला आणि पाण्याच्या मोटारीला मिळून पाऊण युनिटाच्या थोडे वर. पाच एलईडी दिव्यांना पाव युनिट. सगळे मिळून रोज सव्वासहा युनिट.

आता यात बदल करा. आजकाल ३० वॅटचे पंखे मिळतात. तेवढाच वारा देतात. तीन पंख्यांचे सव्वादोन युनिट एक युनिटाच्याही खाली येतात. गिझर काढा आणि छपरावर सौर बंब बसवा. ते दोन युनिट वाचले. आता सगळा हिशेब रोज तीन युनिटांवर आला. घरातले कुणी उपाशी राहिले नाही की अंधारात बसले नाही. तरी निम्म्याहून जास्त वीज वाचली.

हे अवघड वाटते का? दिव्याचे आठवा. पूर्वी आपल्या घरात ६० वॅटचा बल्ब होता. आज ९ वॅटचा दिवा तितकाच उजेड देतो. तो बदल आपण सगळ्यांनी केलाच ना?

आता छपरावरच्या सौर पाट्या. एक किलोवॅटच्या पाट्या आपल्याकडे वर्षाची सरासरी धरून रोज साधारण चार युनिट देतात. चैत्रात जास्त आणि आषाढ-श्रावणात बऱ्याच कमी. त्यांना साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. तोंड दक्षिणेला करायचे आणि थोडा उतार द्यायचा. पाट्या उंच घोडीवर बसवल्या, तर स्लॅबवर सावलीही पडते.

म्हणजे ज्याने आधी घर शहाणपणाने बांधले, त्याला एक किलोवॅट पुरेल. ज्याने तसे केले नाही, त्याला दोन लागतील. केंद्र सरकारने २०२४ साली 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू केली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. अर्ज करण्याआधी महावितरणच्या कचेरीत जाऊन त्या दिवशीचा नियम विचारा. मधल्या माणसाच्या तोंडी शब्दावर सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते. कागद स्वतः वाचा.

"पण रात्री सूर्य नसतो, मग काय?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. त्याचे उत्तर तुमच्या दूध संस्थेच्या पुस्तकात आहे. एका बाजूला घातलेले दूध मांडतात. दुसऱ्या बाजूला घेतलेली पेंड मांडतात. मग बिल निघते. विजेचेही तसेच. दिवसा जास्त झालेली वीज तारेत जाते. रात्री लागेल ती तारेतून येते. दोन्ही मोजणारा मीटर असतो. त्याला नेट मीटर म्हणतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागून आम्हाला बोल लावाल. साध्या जोडणीत बाहेरची लाइन गेली, की छपरावरची वीजही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून तशी सोय केलेली असते. लाइन गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा.

आता चूल. नुसती वीज शून्य झाली म्हणून घर शून्य होत नाही. स्वयंपाकाचे इंधनही मोजले पाहिजे. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्यांना गोबरगॅस आहे. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. उरलेली स्लरी रानात खत म्हणून जाते. धूर नाही, टाकीची वाट पाहणे नाही. आपल्या जिल्ह्यात म्हशी कमी नाहीत. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, त्यांनी विजेच्या शेगडीचा हिशेब करावा. महिन्याला एक टाकी लागणाऱ्या घराला त्यासाठी रोज साधारण चार युनिट जास्त लागतील. म्हणजे आणखी एक किलोवॅट.

इथवर झाली गावातल्या सुट्या घरांची गोष्ट. त्यांना हे जमण्यासारखे आहे. पण शहरातल्या उंच इमारतींचे काय? तिथे हिशेब अवघड होतो. समजा, एका इमारतीची गच्ची ३,००० चौरस फूट आहे. टाकी, जिना, सावली सोडून निम्मी गच्ची पाट्यांना मिळाली. १५ किलोवॅट बसले. रोज ६० युनिट झाले. इमारत चार मजली असेल आणि मजल्यावर चार घरे असतील, तर १६ घरे झाली. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार युनिट आले. काटकसरीने भागेल. पण इमारत दहा मजली असेल, तर ४० घरे झाली. वाट्याला दीड युनिट आले. त्यातच लिफ्ट आली, पाणी चढवायची मोटार आली. एकाच गच्चीत सगळ्यांचे भागणार कसे? एका म्हशीच्या दुधावर सगळी आळी कशी पोसायची?

म्हणून उंच इमारतीला 'शून्य' असे नाव देणारी जाहिरात दिसली, तर हा हिशेब मागा. तिथे भिंती, खिडक्या, सावली यांवर जास्त भर द्यावा लागेल आणि उरलेली वीज बाहेरच्या सौर शेतातून आणावी लागेल. घरांची भिंत आणि खिडकी कशी असावी, याचे नियम केंद्र सरकारने २०१८ साली 'इको निवास संहिता' या नावाने काढले. नियम कागदावर आले. ते प्रत्येक गावच्या गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोहोचले पाहिजेत.

हे नुसते बोलणे नाही. करून दाखवलेली उदाहरणे आहेत. दिल्लीत २०१४ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याची इमारत उभी राहिली. इंदिरा पर्यावरण भवन तिचे नाव. आपल्याला लागेल तेवढी वीज वर्षाकाठी आपणच करायची, अशा बेताने ती बांधली. पण ती सरकारी इमारत झाली. आपल्या जवळचे पाहा. ज्या पाटण तालुक्यात कोयनेचे धरण आहे, त्याच तालुक्यात मान्याचीवाडी हे शंभरावर घरांचे गाव आहे. २०२४ साली ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले. दिल्लीची इमारत नाही जमली, तरी मान्याचीवाडी कोल्हापूरकरांना लांब नाही. एस.टी.ने जाऊन बघून या.

आणि त्याच्याही आधीचे उदाहरण वर्ध्याजवळ सेवाग्रामला आहे. १९३६ साली महात्मा गांधी तिथे राहायला गेले. घर आसपास मिळणाऱ्या मालातूनच बांधायचे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड, कौले. वर्ध्याचा उन्हाळा कोल्हापूरपेक्षा किती कडक! तरी ती कुटी आजही उभी आहे. तिच्यात जो बसून येतो, तो तिथला गारवा सांगतो.

त्या धाकट्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्या रात्री घरात बरीच वादावादी झाली. थोरला म्हणाला, "रस्त्याकडं काच न्हाई, तर लोक काय म्हणतील?" आबा म्हणाले, "लोक काय आपलं बिल भरत्यात?" आक्कांनी स्वयंपाकघर पूर्वेला आणि दोन खिडक्यांचे मागितले. सकाळी गवंडी आला तेव्हा धाकटा हातात झाडू घेऊन उभा होता. त्याने जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या मारायला लावल्या. काम अर्धा दिवस उशिरा सुरू झाले. एवढाच काय तो तोटा.

थोरल्याच्या घरावर आता पांढरा चुना आहे आणि पश्चिमेच्या काचांपुढे बांबूची चटई आहे. थोडा फरक पडला. सगळा पडला नाही. पडणारही नाही. बांधून झालेल्या घराला एवढेच करता येते.

मंडळी, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या दारात गवंडी उभा राहील. त्याच्या आधी घरातली सगळी माणसे एकत्र बसा. म्हाताऱ्यांना विचारा, बायकांना विचारा. ऊन कुठून येते आणि वारा कुठून येतो, ते आठ दिवस पाहा. मग रेघा मारा. फक्कीची रेघ झाडूने पुसता येते. भिंत पाडायला कर्ज काढावे लागते.

रामराम.